प्राध्यापक संघटना आणि वेतनाचा प्रश्न : एक चिकित्सा

'संघटनांमुळे प्राध्यापकांचे पगार वाढले' हे विधान समर्थक अभिमानाने आणि विरोधक त्राग्याने करीत असतात. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत अनेक विद्यापीठांत सामूहिक वाटाघाटीने वेतन ठरते. त्यामुळे संघटित व असंघटित प्राध्यापकांच्या वेतनातील फरक तेथे मोजता येतो. ही रीत येथे लागू पडत नाही. येथे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशींवरून केंद्र शासन वेतनश्रेणी ठरविते, राज्य ती स्वीकारते आणि संघटनेचा सभासद असो वा नसो, अनुदानित पदावरील प्रत्येकाला ती सारखीच मिळते. शिवाय ए. सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक हा तत्कालीन औद्योगिक विवाद कायद्याखालील 'कामगार' नव्हे, असा निर्णय दिला. त्या कायद्याचे दार बंद झाल्यावर उरले ते न्यायालय आणि बहिष्कार.

संघटनांचा खरा प्रभाव श्रेणीच्या आकड्यावर नसून ती प्रत्यक्ष पदरी पडण्यावर आहे. सहाव्या वेतन आयोगाची श्रेणी १ जानेवारी २००६ पासून लागू झाली. तिच्या थकबाकीसाठी एमफुक्टोला २०१३ मध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकावा लागला. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नियुक्त झालेल्या, नेट-सेट नसलेल्या अध्यापकांचा प्रश्नही त्यात होता. शासनाने बहिष्काराच्या काळातील वेतन रोखले आणि त्यासाठी पुन्हा न्यायालयात जावे लागले. थकबाकी मागताना चालू वेतनच थकावे, हा प्रकार विलक्षणच म्हणायचा!

परंतु हा सारा लढा अनुदानित पदावरील अध्यापकांचा. सातव्या आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. त्याच पात्रतेच्या, तासिका तत्त्वावरील अध्यापकासाठी आयोगाने २०१९ मध्ये प्रतितासिका १,५०० व महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचविले. राज्याचे दर त्याहून बरेच खाली राहिले. संघटनांच्या मागणीपत्रात या अध्यापकांचा उल्लेख असतो, आंदोलनाची धार मात्र थकबाकीलाच येते. याचे कारण केवळ अनास्था नव्हे. बहिष्कार हे कायम नोकरीवाल्याचे शस्त्र आहे. ज्याची नेमणूक सत्राबरोबर संपते आणि ज्याला न घेतलेल्या तासाचे पैसे मिळत नाहीत, त्याने बहिष्कार कशाच्या बळावर टाकावा? सामूहिक कृतीचे फळ सर्वांना सारखे मिळते, हे गृहीतक येथेच मोडते. आपल्याच शिक्षककक्षात दोन टेबले पलीकडे बसणाऱ्या सहकाऱ्याला ते कधीच लागू नव्हते.