आरंभाच्या तीन संहिता : दिल्ली, गोवे आणि सोमनाथ

भारतातील आद्य मशिदींचा विषय निघाला की चर्चा बहुधा दिल्लीच्या कुतुब परिसरावर येऊन थांबते. तेथील मशीद उत्तर भारतातील तुर्की सत्तेच्या प्रारंभकाळातील आहे, हे निर्विवाद. परंतु मशिदीचा 'आरंभ' वास्तूइतकाच तिच्याविषयी कोरलेल्या मजकुरातही घडवलेला असतो. म्हणून 'पहिली मशीद कोणती?' या प्रश्नाआधी 'आरंभ कोणत्या भाषेत आणि कोणत्या लेखनप्रकारात सांगितला आहे?' हा प्रश्न उपस्थित करणे आवश्यक ठरते.

कुतुब परिसरातील मशिदीच्या पूर्वद्वारावर फारसी लेख आहे. किल्ला जिंकला, ही जामा मशीद बांधली आणि तिच्यासाठी सत्तावीस देवळांचे साहित्य वापरले, असे तो सांगतो. त्यातील हिजरी 587 (इ.स. 1191-92) या वर्षाच्या वाचनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तराइनचे दुसरे युद्ध 1192 मध्ये झाले, हे त्यामागील एक कारण. हा लेख विजयलेख आहे, आणि संख्या हा विजयलेखाचा अलंकार असतो. मात्र अलंकार म्हटल्याने विध्वंस नाहीसा होत नाही. मशिदीतील कोरीव खांब त्याची साक्ष देतातच. लक्षणीय आहे तो पुढचा तपशील. प्रत्येक देवळावर वीस लक्ष 'दिल्लीवाल' खर्च झाले होते, असे हा लेख नोंदवतो. 'दिल्लीवाल' हे नंदी आणि अश्वारोही यांच्या छापाचे स्थानिक नाणे. म्हणजे जेत्याला आपल्या विजयाची थोरवी पराभूतांच्याच नाण्यात मोजावी लागली. शेवटी, बांधणाऱ्याच्या ईमानासाठी प्रार्थना करील त्याच्यावर ईश्वराची कृपा होवो, अशी याचना येते. गर्जनेने सुरू झालेली संहिता विनवणीने संपते.

या मशिदीचे आज रूढ असलेले 'कुव्वत-उल-इस्लाम' (इस्लामचे सामर्थ्य) हे नाव मात्र तिच्या कोणत्याही कोरीव लेखात आढळत नाही. सय्यद अहमद खान यांच्या 'आसार-उस-सनादीद' (1847) या ग्रंथानंतर आणि पुढे पुरातत्त्वीय लेखनातून ते दृढ झाले. तेराव्या शतकातील इतिहासकार जुझजानी 'कुब्बत-उल-इस्लाम' (इस्लामचा घुमट, अर्थात आश्रयस्थान) ही उपाधी दिल्ली शहरासाठी वापरतो. सुनील कुमार यांनी आपल्या 'द प्रेझेंट इन दिल्लीज पास्ट्स' (2002) या ग्रंथात या नामांतराची चिकित्सा केली आहे. 'आश्रय' सुचवणाऱ्या शब्दाच्या जागी 'सामर्थ्य' सुचवणारा शब्द स्थिरावला, आणि उत्तरकाळाचे वाचन मूळ संहिता म्हणून स्वीकारले गेले.

दिल्लीच्या या लेखाआधी शतकाहून अधिक काळ, पश्चिम किनाऱ्यावर आरंभाचा वेगळा लेखनप्रकार अस्तित्वात होता. अकराव्या शतकाच्या मध्यावर गोव्याचा कदंब राजा पहिला जयकेशी याच्या ताम्रपटात, ताजिक म्हणजे अरब वंशातील छडम या अधिकाऱ्याने उभारलेल्या 'मिजिगिति'चा उल्लेख येतो. 'मिजिगिति' म्हणजे 'मस्जिद'. तिच्या निर्वाहासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर ठरवून दिला आहे. हे दानपत्र आहे. त्याचे व्याकरण युद्धाचे नसून व्यवस्थेचे आहे. अरबी शब्द संस्कृतात येताना प्राकृत वळण घेऊन आला, यावरून तो तत्पूर्वी लोकांच्या तोंडी रुळला असावा, असे अनुमान करता येते. मराठीत पुढे 'मशीद' हे रूप रूढ झाले. 'मिजिगिति' ताम्रपटांत आणि शिलालेखांतच राहिली.

येथे दिल्ली म्हणजे संघर्ष आणि किनारा म्हणजे सौहार्द अशी सोयीची मांडणी करण्याचा मोह होतो. सोमनाथचा 1264 चा लेख ती मोडून काढतो. होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोझ या नौवित्तकाने तेथे मशीद बांधली आणि त्याविषयीचे लेख संस्कृत व अरबी अशा दोन्ही भाषांत कोरले गेले. संस्कृत लेख विश्वनाथाला वंदन करून सुरू होतो, मशिदीला 'मिजिगिति-धर्मस्थान' म्हणतो, हिजरी 662 बरोबर विक्रम 1320, वलभी 945 आणि सिंह 151 ही वर्षे देतो. अरबी लेखात मात्र सोमनाथ हे इस्लामचे नगर व्हावे आणि तेथून मूर्तिपूजा नष्ट व्हावी, अशी आकांक्षा व्यक्त होते. वास्तू एक, दाता एक, वर्षही एक. आरंभ मात्र दोन. त्यांतील एक खरा आणि दुसरा दांभिक असे ठरवणे उथळपणाचे होईल. प्रत्येक भाषेने आपल्या वाचकवर्गाला उचित असे सांगितले आणि अनुचित ते वगळले.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या तीन संहितांचे महत्त्व येथेच आहे. केवळ फारसी लेख वाचणाऱ्याला आरंभात विध्वंस दिसेल, केवळ संस्कृत लेख वाचणाऱ्याला दान दिसेल. दिल्लीतील सत्तावीस देवळांचा उल्लेख गोव्याच्या दानपत्राने पुसला जात नाही आणि गोव्याचे दानपत्र दिल्लीच्या विजयलेखाने खोटे ठरत नाही. सोमनाथचा द्विभाषिक लेख तर एकाच घटनेबाबत एकभाषिक वाचन किती अपुरे असते, हे सिद्ध करतो. आद्यत्वाचा दावा नेहमी एखादी संहिता बाजूला सारूनच उभा राहतो. ती कोणती आणि कोणत्या भाषेतील, हे दाखवणे हे समीक्षेचे काम आहे.