मॅरेथॉनच्या दौडीची मूळकथा : साधनांची छाननी

मॅरेथॉनच्या दौडीचा कोणताहि वृत्तांत घ्या, त्याच्या आरंभीं एक कथा ठेवलेली असतेच. ख्रि. पू. ४९० मध्यें अथेन्सकरांनीं मॅरेथॉनच्या मैदानांत इराणी सैन्य मोडलें. फिडिपिडीझ नांवाचा जासूद विजयाची वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेला, दोन शब्द बोलला आणि गतप्राण झाला. कथा हृद्य आहे. परंतु हृद्यता हा खरेपणाचा पुरावा नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ती कोणत्या साधनांत, कोणत्या काळीं व कोणाच्या नांवें येते, तें पाहिलें पाहिजे.

पहिलें साधन हिरोडोटस. युद्धानंतर सुमारें अर्धशतकानें तो लिहीत होता; लढलेल्यांचे पुत्र तेव्हां हयात होते. त्याच्या सहाव्या भागांत जासूद आहे खरा. पण तो धावतो युद्धापूर्वीं, आणि तेंहि अथेन्सहून स्पार्टाकडे, साह्य मागावयास. दुसऱ्या दिवशीं तो पोंचला. ती शुक्ल नवमी होती, आणि पौर्णिमा झाल्यावांचून सैन्य हलविणें स्पार्टाच्या आचारांत बसत नव्हतें. साह्य वेळेवर आलें नाहीं. वाटेंत पॅन देव भेटल्याचें या जासुदानें सांगितलें. तेवढ्या चमत्कारामुळें सारा मजकूर त्याज्य ठरत नाहीं, कारण अथेन्सकरांनीं ॲक्रोपोलिसखालीं त्या देवाचें स्थान खरोखरच स्थापिलें. विजयवार्तेच्या धावेविषयीं मात्र हिरोडोटस अवाक्षर काढीत नाहीं. उलट, युद्धानंतर सारी सेनाच नगररक्षणार्थ त्वरेनें परतली, असें तो लिहितो.

मरणारा धावक आम्हांस भेटतो तो प्लुटार्कच्या लेखांत, म्हणजे सुमारें सहा शतकांनंतर. तेथें त्याचें नांव फिडिपिडीझ नाहीं! हेराक्लिडीझच्या मतें थर्सिपस, बहुतेकांच्या मतें यूक्लीझ, असे दोन पक्ष प्लुटार्क देतो. हेराक्लिडीझ ख्रि. पू. चौथ्या शतकांतला; तेव्हां आख्यायिका प्लुटार्कनें रचिली नाहीं, हें कबूल. तथापि तोहि युद्धापासून शतकाहून अधिक दूर. पुढें ख्रिस्ती दुसऱ्या शतकांत लूशियन यानें या धावेस स्पार्टाच्या जासुदाचें नांव जोडलें. आपले बखरकार कधीं कधीं दोन स्वाऱ्यांची एक स्वारी करतात, तशांतलाच हा प्रकार.

नांवाचाहि घोटाळा आहे. हिरोडोटसच्या कांहीं हस्तलिखितांत फिडिपिडीझ, तर कांहींत फिलिपिडीझ असा पाठ आहे. प्लुटार्क, पॉसेनियस व लूशियन हे तिघेहि फिलिपिडीझच लिहितात. फिडिपिडीझ हें ॲरिस्टोफनीझच्या ख्रि. पू. ४२३ मधील ‘मेघ’ नाटकांतल्या उधळ्या पुत्राचें नांव. परिचयामुळें तें लेखनिकाच्या लेखणींत उतरलें असावें. आम्ही फिलिपिडीझ हाच पाठ ग्राह्य मानतों.

१८७९ मध्यें ब्राउनिंगनें आपल्या काव्यांत दोन्ही धावा एकाच पुरुषाच्या माथीं मारल्या. कवीस तें क्षम्य आहे. पण मिशेल ब्रेआल हा बॉपचा शिष्य, त्याच्या तौलनिक व्याकरणाचा फ्रेंच भाषांतरकार. अशा पंडितानें १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठीं हीच कथा धरून दौड सुचवावी, याचें नवल वाटतें. चषकहि त्यानेंच दिला. तो स्पिरिडन लुईस या ग्रीकानें सुमारें ४० किलोमीटर अंतर २ तास ५८ मिनिटें ५० सेकंदांत तोडून जिंकला. २०१२ मध्यें लंडनच्या लिलांवांत त्या चषकास ५,४१,२५० पौंड आले. संग्राहकांनीं ध्यानीं ठेवावें कीं, चषक अस्सल आहे, पण तो १८९६ चा पुरावा आहे; ख्रि. पू. ४९० चा नव्हे. आजचें ४२.१९५ किलोमीटरांचें मापहि ग्रीक नाहीं. तें १९०८ च्या लंडन ऑलिंपिकांत विंडसरचा राजवाडा ते क्रीडांगण असें पडलें आणि १९२१ मध्यें कायम झालें.

अथेन्स ते स्पार्टा हें सुमारें २४० किलोमीटर अंतर दोन दिवसांत तोडणें अशक्य, म्हणून हिरोडोटसच अविश्वसनीय, असा आक्षेप संभवतो. त्याचा निकाल पायांनींच लागला आहे. १९८२ मध्यें ब्रिटिश वायुदलाच्या अधिकाऱ्यांनीं हा मार्ग मुद्दाम धावून पाहिला. तिघे चाळीस तासांच्या आंत पोंचले. पुढच्याच वर्षीं याच मार्गावर शर्यत सुरू झाली, आणि यानिस कूरोस यानें ती बावीस तासांच्या आंत जिंकली.