कृती नेमकी, परिणाम मोघम

२०१५ पासून दरवर्षी २१ जूनला शाळाशाळांतून योगासने होतात. पालघर, बोईसर, जव्हार, मोखाडा, कुठेही जा. आसनांबरोबर त्यांच्या फायद्यांची यादीही मुलांना सांगितली जाते. रक्त शुद्ध होते, ग्रंथी सुधारतात, बुद्धी तल्लख होते, प्राणवायू भरपूर मिळतो. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना 'हे कशावरून?' असे विचारायला शिकवतो. तोच प्रश्न या यादीला विचारायला हवा. त्यासाठी महाराष्ट्रात काम केलेल्या दोन योगशिक्षकांचे लेखन शेजारी ठेवून वाचणे फार उपयोगी आहे.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्यांची रीत प्रयोगाची होती. नौली करताना मोठ्या आतड्यात काय घडते, हे त्यांनी दाबमापकाने मोजले. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी आत ओढले जाते, असे त्यांना आढळले. प्राणायामाने नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू मिळतो, हा लाडका समजही त्यांनी तपासला व नाकारला. योगाचा पुरस्कर्ताच योगाविषयीचा गोड समज खोडतो, ही या लेखनातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

त्यांचे म्हणणे आजही टिकते. निरोगी माणसाच्या धमनीतले हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच सुमारे ९७ टक्के भरलेले असते. जोराने श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. उलट भराभर श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते.

पण कुवलयानंदही सर्वत्र इतके सावध नाहीत. सर्वांगासनाने अवटू ग्रंथीला रक्त मिळून ती सुधारते, असे लिहिताना ते मोजलेल्यावरून न मोजलेल्याकडे उडी घेतात. प्रयोगात सामील माणसे थोडी आणि तुलनेसाठी आसन न करणारा गट नाही, ही त्या काळाची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते.

दुसरे पुस्तक बी. के. एस. अय्यंगार यांचे 'लाइट ऑन योगा', मराठीत 'योगदीपिका'. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले. पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २०० आसने, ६०० च्या आसपास छायाचित्रे, प्रत्येक आसनाची काठिण्यपातळी आणि ३०० आठवड्यांचा क्रम. पाय कुठे, गुडघा कसा, श्वास कधी सोडायचा, आसनातून बाहेर कसे यायचे, सारे पायरीपायरीने सांगितले आहे. विज्ञानातल्या प्रयोगाची कृती अशीच लिहावी, म्हणजे दुसऱ्याला ती जशीच्या तशी करून पाहता येते.

अडचण येते ती 'परिणाम' या परिच्छेदात. कृती सांगताना अंगुळभरही न ढळणारा लेखक इथे एकदम मोघम होतो. शीर्षासनाने मेंदूच्या पेशींना शुद्ध रक्ताचा पुरवठा होतो, असे म्हटले आहे. मोजमाप मात्र दिलेले नाही. शरीर कोणत्याही स्थितीत असले तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या आपला व्यास बदलून प्रवाह बराचसा स्थिर राखतात. शीर्षासनात नक्की वाढतो तो डोळ्यांतला दाब. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईतल्या अभ्यासात तो जवळजवळ दुप्पट झालेला आढळला. मानेवर भार येतो तो वेगळाच. शाळेच्या मैदानावर पन्नास मुलांकडून एकदम हे आसन करून घेऊ नये, याला एवढे कारण पुरे.

मग योगाचा फायदा नाहीच का? आहे, पण यादीइतका नाही. कंबरदुखीवरील अभ्यासांचा कोक्रेन संस्थेने २०२२ मध्ये आढावा घेतला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांना थोडा आराम मिळाला. पाठीचे इतर व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत मात्र जवळजवळ फरक दिसला नाही. दम्यावरील २०१६ च्या आढाव्यात लक्षणे थोडी कमी झालेली दिसली. फुप्फुसांच्या क्षमतेबद्दल ठाम निष्कर्ष निघाला नाही.

आपल्या जिल्ह्यात या फरकाला फार महत्त्व आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरले होते. रसायनांचा वास येत असताना मोकळ्या मैदानावर भस्त्रिका करवली, तर मुले तीच हवा जास्त प्रमाणात आत घेतात. 'प्राणायामाने दमा जातो' हे ऐकून एखाद्या पालकाने मुलाचा पंप बंद केला, तर ते जिवावर बेतू शकते. आणि जव्हार-मोखाड्यातल्या रक्तक्षय झालेल्या मुलीला रक्त शुद्ध करणारे आसन नको आहे. तिला पोटभर सकस जेवण आणि लोहाच्या गोळ्या हव्या आहेत.

तेव्हा अय्यंगारांकडून कृतीची नेमकी भाषा घ्यावी, कुवलयानंदांकडून मोजण्याची सवय घ्यावी, आणि दोघांचेही ग्रंथींविषयीचे दावे बाजूला ठेवावेत. वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. सर्वांनी आपली एका मिनिटाची नाडी मोजून लिहावी. मग अर्ध्या मुलांनी पाच मिनिटे पाच सेकंद श्वास घेणे व पाच सेकंद सोडणे असे करावे. उरलेल्यांनी तितकाच वेळ नुसते शांत बसावे. पुन्हा नाडी मोजावी व दोन्ही गटांची सरासरी काढावी. दोन्ही गटांत सारखीच घट दिसली तर श्रेय श्वासाला द्यायचे की स्वस्थ बसण्याला, यावर मुलांना वाद घालू द्यावा. फळ्यावरच्या यादीपेक्षा तो वाद त्यांना जास्त शिकवील.