पाचशे, अरेच्चा! : एका वाक्याचं परीक्षण

गेली तीस वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो आहे. या धंद्यात पैसा बेताचा. शत्रू मात्र मुबलक मिळतात, आणि तेही घरपोच. कथा, कविता, प्रवासवर्णनं, एवढंच काय, एका शिक्षणसंस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिकासुद्धा मी तपासली आहे. पण आज ज्याचं परीक्षण करायला बसलो आहे तो ग्रंथ एका ओळीचा आहे. त्यात क्रियापद नाही. लेखक माणूस नाही. आणि तो मी मध्यरात्रीपर्यंत जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा एकही कवितासंग्रह वाचलेला नाही.

त्याचं असं झालं. आमच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. वाचकांची निष्ठा पातळ झाली तरी कसरीची झालेली नाही. पान उलटावं तर कोपरा हातात येतो. म्हणून ठरलं की आहे तोवर पानापानाचं चित्र काढून संगणकात ठेवायचं. ओळखीच्या झेरॉक्सवाल्यानं आपलं मोठं यंत्र शनिवार-रविवारपुरतं फुकट दिलं. सोमवारी सकाळी परत. यंत्र जुनं. काढलेलं चित्र दुसऱ्या संगणकाकडे धाडायची त्याला एकच रीत ठाऊक होती : एफटीपी.

ही रीत म्हणजे संगणकांची जुनी हमालीच. इकडची फाईल उचलायची, तिकडे नेऊन ठेवायची. तिचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले हे गृहस्थ तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. आता या रीतीला वय झालं. मजकूर असो की पासवर्ड, ती सगळं उघड्या पोस्टकार्डासारखं नेते. त्यामुळे २०२१ साली फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी तिला घराबाहेर काढलं. पण वाचनालयाच्या चार भिंतींत पोस्टकार्ड चालतं. आमच्याकडे चोरण्यासारखं असं काय आहे? कसर!

संगणकावर हा माल उतरवून घेणारा जो कार्यक्रम असतो त्याला सर्व्हर म्हणतात. आमच्या सर्व्हरचं नाव व्हीएसएफटीपीडी. त्यातली पहिली दोन अक्षरं 'व्हेरी सिक्युअर'ची. स्वतःच्या नावातच 'व्हेरी' घालणारा लेखक मी सहसा सोडत नाही; पण ते असो. त्याच्या सूचनांची एक साधी फाईल असते. ओळीत डावीकडे सेटिंगचं नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे बहुधा 'येस' किंवा 'नो'. त्यात 'राइट एनेबल' नावाची एक ओळ आहे. म्हणजे बाहेरच्याला इथे काही लिहू द्यायचं की नाही. आपण काही बोललो नाही तर सर्व्हर 'नो' धरतो. हा स्वभाव मला परिचयाचा वाटला. यंत्राला पानं ठेवता यावीत म्हणून मला ते 'येस' करायचं होतं. ओळीच्या आरंभीचं हॅशचं चिन्ह पुसलं, फाईल सेव्ह केली आणि सर्व्हरला पुन्हा सुरू व्हायला सांगितलं.

तो सुरू होईना.

पडद्यावर आधी जे आलं ते सर्व्हरचं नव्हे, त्याच्यावर देखरेख करणाऱ्या सिस्टिमडी नावाच्या साहेबाचं लेखन होतं. आशय असा : सदर काम अयशस्वी झाले, कारण नियंत्रक प्रक्रिया चुकीच्या संकेतांकासह बाहेर पडली, तपशिलासाठी अमुक व तमुक पाहावे. ही शैली आपल्या ओळखीची आहे. 'साहेब जागेवर नाहीत, चार नंबरच्या खिडकीवर विचारा.' चार नंबरला गेलो. तिथे मोठ्या अक्षरांत होतं : 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. युक्तिवाद अग्राह्य! हे तर मला साहित्य संमेलनाच्या परिसंवादातही कुणी तोंडावर म्हटलेलं नाही. मी चिडून सर्व्हरला पुन्हा सुरू व्हायला सांगितलं. मग पुन्हा. असं सात वेळा.

शेवटी पुण्याला भाचीला फोन लावला.

"मामा, तेच तेच किती वेळा केलंस?"

"सात."

"मग आठव्यांदा करू नकोस. मधल्या साहेबाला बाजूला कर आणि सर्व्हरला हातानं चालवून बघ. त्याला काय म्हणायचंय ते तोच सांगेल."

सांगितलं. तेच आजचं पुस्तक : 'पाचशे, ऊप्स : बॅड बूल व्हॅल्यू इन कॉन्फिग फाईल फॉर : राइट एनेबल.'

आता क्रमानं घेऊ. आधी आकडा. एफटीपीत सर्व्हरचं प्रत्येक उत्तर तीन आकडी असतं, आणि त्यातला पहिला आकडा म्हणजे त्याचा चेहरा. दोन म्हणजे काम झालं. तीन म्हणजे अजून काही सांगा. चार म्हणजे आत्ता जमत नाही, पुन्हा येऊन बघा. पाच म्हणजे नाही. आणि जसंच्या तसं पुन्हा मागू नका. १९८५ च्या ऑक्टोबरात निघालेल्या नियमावलीत हे नीट लिहून ठेवलं आहे. एवढी नेटकी भाषा मी सरकारी पत्रव्यवहारात पाहिलेली नाही. सर्व्हरनं पहिल्याच अक्षरात मला 'तेच पुन्हा करू नका' म्हणून ठेवलं होतं. मधल्या साहेबानं ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही, एवढंच.

मग 'ऊप्स'. म्हणजे आपलं 'अरेच्चा'. हातातून कपबशी पडली की निघतो तो उद्गार. पडलेली कपबशी माझी, उद्गार त्याचा. यात एक प्रकारची सभ्यता आहे. 'तुम्ही चुकलात' असं तो म्हणत नाही.

मग 'बूल'. जॉर्ज बूल हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज गणितज्ञ. त्यांच्या गणितात खरं किंवा खोटं, हो किंवा नाही. मध्ये बसायला बाकडं नाही. तेव्हा वाक्याचा अर्थ झाला : लेखनाच्या परवानगीबद्दल तुम्ही धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही.

पण मी तर 'येस' म्हटलं होतं! तीन अक्षरं, स्वच्छ. चष्मा पुसून पाहिलं. 'येस'च होतं.

"ओळीच्या शेवटी जा," भाची म्हणाली. "एंडचं बटण दाब. कर्सर एसला चिकटून उभा आहे की लांब?"

"जरा लांब."

"तिथे स्पेस पडलीये. त्याच्या दृष्टीनं तुझं 'येस' वेगळं आणि त्याचं वेगळं."

डबा घेऊन आलेली आमची ही मागे उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "तुमच्या 'हो'च्या पुढे असा थांबा आला की ते 'नाही' असतं, हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. त्याला कळलं यात नवल काय?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेखनाला 'नो' म्हणत आल्यामुळे 'येस' म्हणताना अंगठा अडखळला असणार. नंतर मॅन्युअल उघडलं. नाव, बरोबरचं चिन्ह आणि उत्तर यांच्यामध्ये जागा सोडणं ही चूक समजली जाईल, असं तिथे स्पष्ट छापलेलं. तेव्हा हा कार्यक्रम मोकळ्या जागेच्या बाबतीत कडक आहे हे आधी कळू शकलं असतं. पण मॅन्युअल आणि प्रस्तावना या दोन गोष्टी मी नेहमी शेवटीच वाचतो.

आता निवाडा. वाक्य प्रामाणिक आहे. चूक कुठल्या फायलीत, कुठल्या सेटिंगमध्ये, ते सांगतं. दोष एकच : आपण काय वाचलं ते दाखवत नाही. माझं उत्तर अवतरणचिन्हांत घालून समोर ठेवलं असतं, तर एस आणि चिन्ह यांच्यामधली ती मोकळी जागा मला पहिल्याच मिनिटाला दिसली असती. 'तुमचं चुकलं' म्हणणाऱ्यानं 'मी तुमचं हे असं वाचलं' एवढं तरी सांगावं.

हे लिहिताना थांबलो. बारा वर्षांपूर्वी एका तरुणाच्या पहिल्या कवितासंग्रहाबद्दल मी लिहिलं होतं : 'कुठेतरी काहीतरी कमी पडतं.' पुढे एका कार्यक्रमात तो मुलगा भेटला. अगदी अदबीनं विचारलं, "सर, कुठे?" मी म्हटलं, "एकूणच." तो मान डोलावून गेला. दुसरा संग्रह माझ्या पाहण्यात आला नाही. माझ्या वाक्यामुळे असं मी म्हणत नाही. माझ्या परीक्षणांत एवढा जोर असता तर कितीतरी लोक लिहायचे थांबले असते. पण सर्व्हरनं निदान ओळीचं नाव सांगितलं होतं. मी तेही सांगितलं नाही. माझं वाक्य म्हणजे नुसतं 'अरेच्चा'.

ती जागा पुसली आणि सर्व्हर उठला. यंत्रानं दार ठोठावताच आतून २२०, म्हणजे 'सेवा तयार आहे'. मग प्रत्येक पानामागे २२६, 'पोहोचलं'. रविवारी रात्रीपर्यंत अकरा खंड झाले. दोन राहिले, शनिवारची संध्याकाळ माझ्या अंगठ्यानं खाल्ली.

सोमवारी यंत्र परत गेल्यावर कपाटातून तो कवितासंग्रह काढला आणि पेन्सिल घेऊन बसलो. काय कमी पडतं ते पान आणि ओळ देऊन लिहायचं ठरवलं होतं. सतरा ठिकाणी खुणा झाल्या. मोजून पाहिल्या, तर त्यातल्या अकरा आवडलेल्या ओळींवर निघाल्या.

सतराही लिहून काढल्या आहेत, पानांच्या क्रमांकासह. प्रकाशकाकडून पत्ता मागवला आहे.