उचललेला तुरुंग, राहून गेलेला राग

‘लॉकआउट’ (2012) ही जॉन कार्पेंटरच्या ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ची (1981) नक्कल आहे, हे 2015मध्ये पॅरिसच्या न्यायालयानेच ठरवलं. तिथे तुरुंग मॅनहॅटनमध्ये, इथे अंतराळात. तिथे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अडकतो, इथे राष्ट्राध्यक्षाची मुलगी. तरी गाय पिअर्स ठोसे खात खात टोमणे मारतो तेव्हा हसू येतंच. बाइकचा पाठलाग जुन्या व्हिडिओ गेमसारखा दिसतो, तेही चालवून घेऊ.

खटकतं ते वेगळंच. ही मुलगी तुरुंगात येते ती कृत्रिम झोपेत ठेवलेल्या कैद्यांच्या मेंदूवर काय परिणाम होतोय, हे तपासायला. कैदी जागे होतात आणि सिनेमा तो प्रश्नच विसरतो. मग ते उरतात फक्त गोळ्या घालण्यापुरते. कार्पेंटरचं एवढं सगळं उचललं. त्याचा सत्तेवरचा राग तेवढा राहून गेला.