पत्ते वाचकासमोर उघडे

रेमंड चँडलरनं १९४४ साली इंग्रजी वळणाच्या रहस्यकथेवर कृत्रिमतेचा ठपका ठेवला. १९७२मध्ये ज्युलियन सायमन्सनं पहिल्या महायुद्धानंतरच्या पिढीतल्या अनेक इंग्रजी रहस्यकथाकारांची रटाळ म्हणून बोळवण केली. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स अशी मोजकी नावं टिकली. बाकीची मंडळी रद्दीत गेली. त्यांना तिथून बाहेर काढलं ब्रिटिश लायब्ररीनं. जे. जेफरसन फार्जनची १९३७ची ‘मिस्टरी इन व्हाइट’ तिनं २०१४मध्ये पुन्हा छापली आणि त्या नाताळात ती हातोहात खपली. बर्फात अडकलेली आगगाडी, चहा मांडून ठेवलेलं निर्मनुष्य घर. वातावरण झकास, पण कोडं म्हणून कादंबरी ढिली आहे.

या पुनर्मुद्रणांची खरी मिळकत मला अँथनी बर्कलीच्या ‘द पॉयझन्ड चॉकलेट्स केस’मध्ये (१९२९) दिसते. विषारी चॉकलेटांचा डबा क्लबात येतो एका सरदाराच्या नावानं, आणि जीव जातो भलत्याच बाईचा. पोलीस हात टेकतात. मग गुन्ह्यांची चर्चा करणाऱ्या एका मंडळाचे सहा सभासद पाळीपाळीनं सहा उलगडे मांडतात. प्रत्येक वेळी आपण मान डोलावतो, आणि पुढचा सभासद आपल्याला तोंडघशी पाडतो. पुरावे तेच असताना गुन्हेगार बदलत राहतो! डिटेक्टिव्हचा अचूक तर्क ही लेखकाची सोय असते, हे बर्कली आतूनच दाखवून देतो. चँडलरच्या पंधरा वर्षं आधी, आणि जास्त खेळकरपणे. २०१६च्या आवृत्तीत मार्टिन एडवर्ड्सनं आणखी एक उलगडा जोडला, तरी गोष्ट मोडली नाही.

या लेखकांनी वाचकाशी एक करार केला होता: डिटेक्टिव्हला जे दिसलं, ते तुम्हालाही दिसलंच पाहिजे. १९३०मध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबमध्ये सभासदाला तशी शपथच घ्यावी लागे. जॉन डिक्सन कारच्या ‘द हॉलो मॅन’मध्ये (१९३५) तर डॉक्टर फेल कथा थांबवून बंद खोलीतल्या खुनाच्या युक्त्यांवर व्याख्यान देतो, तरीही आपण फसतोच. नोकर-चाकर मात्र बहुतेकांनी बाहुल्यांसारखे वापरले, आणि परक्या माणसाकडे पाहायची नजर अनेकदा ओशाळवाणी आहे. प्रस्तावनेत दोन ओळी लिहून ते झाकता येत नाही.

आजच्या ‘कोझी’ रहस्यकथांनी या परंपरेतलं गाव उचललं, चहाही उचलला; कोडं बहुधा मागेच राहिलं. करार पाळला तो जपान्यांनी. सेइशी योकोमिझोची ‘द होनजिन मर्डर्स’ पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्रजी परंपरेशी उघड नातं सांगते, आणि युकितो अयात्सुजीच्या ‘द डेकॅगन हाउस मर्डर्स’मधले (१९८७) विद्यार्थी एकमेकांना कार, अगाथा अशा टोपणनावांनी हाक मारतात. अशी उघड उधारी मला आवडते.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांची गोडी झुंजार आणि काळापहाड यांच्या धाडसात. भालबा केळकरांनी होम्स आणला, अशोक जैनांनी सत्यजित राय यांचा फेलूदा. वाचकाला शेवटपर्यंत बरोबरीनं खेळवणारी कादंबरी आपल्याकडे विरळाच. मराठी प्रकाशकांनी ख्रिस्तीची तीच ती पुस्तकं पुन्हा काढण्याआधी बर्कली आणि योकोमिझो यांची भाषांतरं करून घ्यावीत.