परका संगणक आणि बळीचे दान

विज्ञानपटातील संभवनीयतेची चर्चा बहुधा तांत्रिक तपशिलांच्या तपासणीतच संपते. रोलंड एमरिख यांच्या ‘इंडिपेन्डन्स डे’ (१९९६) या चित्रपटाच्या वाट्याला ही तपासणी विशेष आली. परग्रहवासीयांच्या मातृयानातील यंत्रणेत डेव्हिड लेव्हिन्सन आपल्या लॅपटॉपवरून विषाणू सोडतो, शत्रूची संरक्षक कवचे नाहीशी होतात आणि पृथ्वी वाचते. हे शक्य आहे काय, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की ही घटना संभवनीय वाटावी यासाठी कलाकृतीने कोणती पूर्वतयारी करणे आवश्यक होते आणि ती तिने केली काय.

संगणकात शिरणे म्हणजे भिंत फोडणे नव्हे. विषाणू हा मुळात मजकूर असतो. समोरचे यंत्र तो आज्ञा म्हणून वाचते तेव्हाच तो विषाणू ठरतो. एकच संख्या एका प्रक्रियकाला बेरजेची आज्ञा असेल, तर दुसऱ्याला निरर्थक. १९९६ मध्ये इंटेलच्या प्रक्रियकासाठी यंत्रभाषेत लिहिलेला विषाणू शेजारच्या टेबलावरील मॅकिंटॉशवरसुद्धा सहसा चालत नसे. अरेसिबो येथून १९७४ मध्ये अंतराळात पाठविलेला संदेश १,६७९ द्विमान अंकांचा होता. ही संख्या २३ आणि ७३ या मूळ संख्यांचा गुणाकार असल्याने अंकांची आयताकृती मांडणी करण्याचे वाचकाला सुचावे, अशी योजना होती. वाचला जावा म्हणूनच रचलेल्या संदेशाला इतकी आर्जवे करावी लागत असतील, तर परक्यासाठी न रचलेल्या यंत्राची भाषा आत्मसात करणे हे केवढे मोठे भाषांतरकार्य ठरेल!

चित्रपटापाशी या कार्याची सामग्री नाही असे नाही. परग्रहवासी हल्ल्याची वेळ जुळविण्यासाठी पृथ्वीचेच उपग्रह वापरतात. म्हणजे दोन संकेतव्यवस्थांना जोडणारा दुवा त्यांनीच निर्माण केला आहे. १९४७ मध्ये कोसळलेले त्यांचे एक यान अमेरिकी लष्कराच्या ताब्यातही आहे. परंतु ही बीजे अंकुरत नाहीत. सर्दी होईल असे वडील म्हणतात, त्यातून डेव्हिडला कल्पना स्फुरते आणि पुढच्या प्रसंगात योजना सिद्ध असते. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) मध्ये मंगळवासी सूक्ष्मजंतूंमुळे मरतात. सूक्ष्मजंतूंना मंगळवासीयांची भाषा शिकावी लागत नाही, देह पुरेसा असतो. एमरिख यांनी वेल्सचा परिणाम उचलला, त्याची अट मात्र सोडून दिली. चित्रपटाचा दोष विज्ञानाचा नाही, तर गाळलेल्या श्रमांचा आहे.

याच कल्पनेची दुसरी आणि अधिक विचारगर्भ परंपरा मराठी वाचकाला परकी नाही. फ्रेड हॉइल व जॉन एलियट यांच्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ (१९६१) या बीबीसीच्या दूरचित्रवाणी मालिकेत अंतराळातून आलेल्या संकेतांत एक संगणक बांधण्याच्या सूचना असतात. माणसे तो बांधतात आणि त्याच्या हेतूंच्या अधीन होऊ लागतात. केंब्रिजमध्ये हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेले, पुढे पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक-संचालक झालेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी याच वाटेवरची आहे. तिच्यात पेटी आकाशातून येत नाही, जमिनीखाली सापडते. परकेपण ग्रहाचे नसून काळाचे आहे. पेटीतील ज्ञानाचा उलगडा करून माणूस ‘गुरू’ हा संगणक आणि ‘वामन’ हा यंत्रमानव घडवितो.

या परंपरेत आक्रमणाची दिशा उलटते. परक्या यंत्रात माणूस शिरत नाही. परके यंत्र माणसाच्या जिज्ञासेतून आत येते. भाषेची अडचणही येथे कथेच्या विरोधात जात नाही, कारण समजून घेण्याचे सारे श्रम वाचणाराच आनंदाने उपसतो. पुण्याजवळच्या खोडद येथील तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आकाशाला काही सांगत नाही, ती केवळ ऐकते. अशा ऐकणाऱ्याच्या जागेवरून पाहता हॉइल-नारळीकरांचे भय एमरिख यांच्या विजयाहून अधिक पटते.

नारळीकरांनी योजिलेले पुराणातील नाव या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वामनाने बळीच्या यज्ञमंडपाचा दरवाजा फोडला नव्हता. त्याने मागितले आणि बळीने दिले. दानाचे उदक रोखू पाहणाऱ्या शुक्राचार्यांची संभावना मराठी भाषेने ‘झारीतील शुक्राचार्य’ या उपहासाने केली. पण धोका ओळखणारा तेवढा एकच होता. परक्या संगणकाच्या कथेची संभवनीयता अखेर यंत्राच्या कुलुपावर अवलंबून नसते. दार कोणी आणि कोणत्या मोहाने उघडले, हे कथा किती प्रामाणिकपणे दाखविते, यावर ती ठरते.